घराला शोभेल असं तोंड

प्रदीपराव डेपोतून घरी आले, चपला काढल्या आणि पाण्याच्या बाटलीसाठी फ्रिजकडे वळले, तर फ्रिजवरून एक लालभडक राक्षस डोळे वटारून त्यांच्याकडे बघत होता. दोन शिंगं, ओठांबाहेर आलेले सुळे आणि खांद्यापर्यंत रुळावेत इतके लांब काळे केस. खांदे मात्र नव्हतेच. प्रदीपराव तसे भिणाऱ्यातले नव्हते. देहूरोडच्या डेपोत उभं आयुष्य काढलेला माणूस, भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी "अगं अनिता!" ही हाक जरा चिरकीच निघाली.

"हात लावू नका हं, ओला आहे अजून," ओट्याशी भाकरी थापणारी अनिता म्हणाली.

"कोण ओला आहे?"

"रंग. तुमच्या लेकीचं काम. सकाळपासून घरभर वास कोंडलाय. आज भाकरीसुद्धा ऑइलपेंटची लागणार."

लेक, म्हणजे तेजल, काळेकुट्ट झालेले दोन्ही हात वर धरून आतल्या खोलीतून बाहेर आली. राक्षसाचे केस म्हणजे नारळाचा काथ्या होता आणि तो रंगवण्याचं काम अजून चालूच होतं. तेजलची बारावीची परीक्षा संपली होती. शाळेत असल्यापासून तिला जपानी ॲनिमेचं वेड. त्याला घरात कुणी 'कार्टून' म्हटलं की ती दिवसभर बोलायची नाही, आणि प्रदीपराव ते हमखास म्हणायचे.

"पप्पा, तो ओनी आहे. जपानी."

"जपानचा असो नाहीतर जळगावचा, राक्षस तो राक्षसच. आणि हा तू डोक्यात घालून लोकांसमोर जाणार?"

"त्यालाच कॉस्प्ले म्हणतात. आवडत्या पात्राचा वेश आपल्या हातानं तयार करायचा आणि स्टेजवर यायचं. जपानमध्ये मोठमोठी माणसं करतात."

"आपल्याकडेही करायची. बहुरूपी म्हणायचे त्यांना. पण त्यांनी कधी त्यासाठी ॲडमिशन मागितली नाही."

इथंच खरी मेख होती. तेजलला पुण्यात ॲनिमेशनचा कोर्स करायचा होता. प्रदीपरावांच्या मते तिनं बँकेच्या परीक्षांचा क्लास लावायला हवा होता. दोन महिने घरात या विषयावर धुसफूस चालली होती. शेवटी प्रदीपरावांनीच तोडगा काढला. रविवारी लोणावळ्याला एका हॉलमध्ये जपानी उत्सव होता, त्यात कॉस्प्लेची स्पर्धा होती. तेजल पहिल्या तीन नंबरांत आली तर ॲनिमेशन, नाही आली तर बँक, आणि नंतर रडारड नाही. लेकीनं आजवर लिंबू-चमच्याच्या शर्यतीतसुद्धा लिंबू घरी आणलं नव्हतं, त्यामुळे प्रदीपराव निश्चिंत होते.

"पण हा वास आवरा," अनिता म्हणाली. "नाहीतर मी माहेरी जाते आणि ओनीला भाकऱ्या थापायला सांगा."

प्रदीपरावांना दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि लोणावळ्याजवळ औंढ्याला गावच्या घराच्या कामावर जायचंच होतं. राक्षसाला तिथं मोकळ्या हवेत वाळत घालायचं ठरलं. सकाळी स्कूटर निघाली. पुढे प्रदीपराव, मागे तेजल, आणि ओला रंग कुणाला लागू नये म्हणून तिनं बाजूला हात लांब करून धरलेला राक्षस. वाटेत एक ट्रकवाला ओव्हरटेक करता करता थबकला आणि लोणावळ्यापर्यंत मागेच राहिला.

औंढ्यात प्रदीपरावांची आई भामाबाई एकट्या राहायच्या. त्यांच्या जुन्या दोन खोल्यांना लागूनच नवीन घर उभं राहत होतं. भिंती झाल्या होत्या, स्लॅब राहिला होता, आणि तो पावसाच्या आत पडायला हवा होता. पण घराला जणू कुणाची तरी नजरच लागली होती. आधी मिक्सर बंद पडला. मग वाळूचा ट्रक ओढ्यात रुतला. मग गवंडी निवृत्तीची कंबर धरली. भामाबाईंना यामागचं कारण पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"सगळ्या गावाच्या घरांवर काळी भावली हाय. आपल्याच भिंती उघड्या. रस्त्यावरनं जानारा येनारा डोळं फाडून बघतोय. लागनारच की दिष्ट."

"आई, आपण दीक्षा घेतलेली माणसं. आपल्या घरावर काळी बाहुली लावायची?"

"दीक्षा आमी घेतली. भिंतीनं कुटं घेतली?"

प्रदीपरावांना हे परवडण्यासारखं नव्हतं. नुकत्याच झालेल्या बुद्धपौर्णिमेला विहारात त्यांचंच भाषण झालं होतं, विषय अंधश्रद्धा. 'ज्या देशात माणसं सिमेंटपेक्षा लिंबा-मिरचीवर जास्त विश्वास ठेवतात,' या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. विहार समितीचे सचिव गोरखभाऊ यांनी तर उठून त्यांचा हात हातात घेतला होता. अशा वक्त्याच्या घरावर बाहुली लटकणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

तेजलनं राक्षस पुढच्या भिंतीपाशी वर आलेल्या एका गजाला अडकवला. "आजी, रंग वाळेपर्यंत याला कुणी हात लावू नका. शनिवारी मी न्यायला येते."

भामाबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "कुटला म्हनायचा ह्यो?"

"जपानचा."

"जपान म्हंजी त्यो आपल्या बुद्धाचाच देश न्हवं?"

"हो, तिथं बौद्ध खूप आहेत," तेजल म्हणाली, आणि स्कूटरवर बसली. या एका वाक्यानं पुढे काय घडणार आहे, याची तिला सुतराम कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर पहिल्या झटक्यात सुरू झाला. पाण्याचा टँकर फोन न करता आला. निवृत्ती कमरेला पट्टा बांधून आला आणि दुपारी पट्टा सोडून वीट उचलू लागला. त्यानं वर पाहिलं. राक्षसानं खाली पाहिलं.

"मावशी, लय जालीम आनलंय हो तुमी."

"जपानचं हाय," भामाबाई म्हणाल्या. "आपल्यातलंच."

"पर असं गजाला लटकून ऱ्हायलं तर माकडं न्हेत्याल. परवा त्या बंगल्यावरची बाहुली न्हेली, तिची साडी फेडून झाडावर टांगली."

"मग?"

"मग काय, बसवतो की पक्कं."

निवृत्ती हा कामाला जागणारा गडी. त्यानं दाराच्या वरच्या भागातल्या दोन विटा काढल्या, राक्षस त्या खबदाडीत बसवला, मागच्या पोकळीत चांगला सिमेंटचा माल ठासला आणि कडेनं थापी फिरवून घेतली. केसांचा काथ्या मधे येत होता, तोही मालात दाबून टाकला. आणि सिमेंट पक्कं व्हावं म्हणून सकाळ-संध्याकाळ राक्षसाच्या तोंडावर नळीनं पाणी मारायला सुरुवात केली.

शनिवारी गोरखभाऊंच्या व्हॅनमधून मंडळी औंढ्याला आली. गोरखभाऊंना घराचं काम बघायचं होतं आणि समितीच्या पुढच्या व्याख्यानाचंही बोलायचं होतं. वाटेत ते प्रदीपरावांच्या भाषणातली वाक्यं त्यांनाच म्हणून दाखवत होते. व्हॅन थांबली, गोरखभाऊ उतरले आणि सिमेंट व लिंबा-मिरचीचं वाक्य अर्ध्यावर सोडून वर बघत उभे राहिले.

दाराच्या वर, बरोबर मधोमध, लालभडक तोंड. पाणी खाऊन डावं शिंग जरा कलंडलं होतं, त्यामुळे राक्षस काहीतरी कुत्सित विचार करत असल्यासारखा दिसत होता.

"प्रदीपराव," गोरखभाऊ हळूच म्हणाले, "हे काय आहे?"

प्रदीपराव ओरडले. "आई!"

"जय भीम, गोरख," भामाबाई पदराला हात पुसत आल्या. "घाबरू नगंस. ती काळी भावली न्हाई. ह्यो जपानचा हाय. बौद्ध लोकांचा."

गोरखभाऊंनी प्रदीपरावांकडे पाहिलं. आता माणसासमोर दोन वाटा असतात, खरं बोलण्याची आणि पटकन बोलण्याची. प्रदीपरावांनी दुसरी धरली.

"हो, म्हणजे… जपानमध्ये घरांवर असे चेहरे लावतात. कला म्हणून. शिल्पकला! तेजलचा त्यावर अभ्यास चाललाय."

तेजलनं चमकून बापाकडे पाहिलं. तिला स्वतःला असलं काही माहीत नव्हतं.

"कला!" गोरखभाऊंचा चेहरा उजळला. "असं सांगा की. आपल्या लोकांना जगातलं काही कळलंच पाहिजे. सोमवारी लोणावळ्याहून समितीचे पाहुणे यायचेत, त्यांना घेऊन येतो हे बघायला. तेजल, माझ्या व्हॅनला पुढे लावायला एक लहान करून देशील का गं?"

"काका, पण हा मला उद्या हवाय! उद्या स्पर्धा आहे!" तेजल धावत भिंतीशी गेली. उंचावर हात पुरवून तिनं राक्षसाचा सुळा ओढला. राक्षस हलला नाही. तिनं निवृत्तीकडे पाहिलं.

"न्हाई निघायचं," निवृत्ती अभिमानानं म्हणाला. "माझं काम हाय त्ये."

तेजलच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. महिनाभर तिनं त्या चेहऱ्यासाठी जीव टाकला होता. जुन्या योगा मॅटचे तुकडे कापून, हेअर ड्रायरनं तापवून, वाकवून, चिकटवून, पुन्हा उचकटून. बोटांना चटके बसले होते. आणि आता तो भिंतीचा भाग होऊन बसला होता.

रविवारी सकाळी सगळं कुटुंब औंढ्याला हजर झालं. भामाबाई दाराच्या उंबऱ्याच्या जागी, नेमक्या राक्षसाखाली, ठाण मांडून बसल्या होत्या.

"घर पुरं झाल्याबिगर काढायचं न्हाई. एकदा लावलेलं मदीच काढलं तर दुप्पट लागतं."

"आई, ती कला आहे," प्रदीपराव म्हणाले.

"मग कलेचं सुदीक लागतं."

तेजल आजीपुढे उकिडवी बसली. "आजी, माझ्या ॲडमिशनचा प्रश्न आहे गं. आज मी नंबरात आले नाही तर पप्पा मला बँकेच्या क्लासला टाकणार. संध्याकाळी परत आणते. शपथ."

नातीचं तोंड बघून भामाबाई विरघळल्या, पण पुरत्या नाही. "सांजच्यापातूर भित उघडी ठिवायची व्हय? बरं, जा तुमी. मी बघते माझं."

या 'मी बघते माझं' कडे कुणीच लक्ष दिलं नाही. निवृत्तीनं छिन्नी-हातोडा घेतला. स्वतःचंच काम फोडताना त्याचा जीव तुटत होता आणि ते तुटता तुटत नव्हतं. शेवटी राक्षस निघाला, पण एकटा नाही. कपाळाच्या मागे अर्धी वीट आणि हनुवटीखाली सिमेंटचा भलामोठा गोळा घेऊन निघाला. आतला माल खरवडून तेजलचं डोकं मावेल एवढी जागा निवृत्तीनं करून दिली. वीट काढायला गेलं तर चेहरा फाटत होता, म्हणून ती तशीच ठेवली. आत टॉवेल कोंबून तेजलनं तो डोक्यावर घेतला. तिनं मान हलवली की राक्षसाबरोबर थोडी भिंतही हलायची.

लोणावळ्याच्या हॉलमध्ये सगळीकडे निळे, गुलाबी, हिरवे केस दिसत होते. पुठ्ठ्याच्या तलवारी, कागदाचे पंख, कुणी मांजराचे कान लावलेले. प्रदीपराव, अनिता आणि गोरखभाऊ तिसऱ्या रांगेत बसले होते. गोरखभाऊ सगळ्यांकडे आदरानं बघत होते, कारण ही सगळी कला होती.

तेजलचं नाव पुकारलं आणि ती स्टेजवर आली. बाकीची पोरं उड्या मारत, गिरक्या घेत आली होती. तेजलला ते शक्यच नव्हतं. ओझ्यानं मान ताठ, पाय फाकवलेले, एकेक पाऊल धप्प. मधेच तिनं दोन्ही हातांनी डोकं सावरलं, तर राक्षस संतापानं आपलंच डोकं उपटतोय की काय असं वाटलं. हॉलमध्ये शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. प्रदीपरावांचा ऊर भरून आला. ही आपली पोर, जी शाळेत कविता म्हणताना पडद्यामागे लपायची! त्यांनी चष्मा पुसला आणि अनिताकडे बघणं टाळलं.

परीक्षक श्रीयश नावाचा पुण्याचा एक तरुण होता, डोक्यावर चंदेरी विग. तो खुर्चीतून उठूनच आला. "काय जबरदस्त टेक्स्चर आहे! हा हनुवटीचा दगड एकदम खरा वाटतो. मटेरियल काय वापरलंस?"

"सिमेंट," राक्षसाच्या आतून आवाज आला.

"सिमेंट? तू सिमेंटचं काम केलंस?"

तेजलनं खोटं बोलायला हवं होतं. पण ती बापाच्या वळणावर गेली नव्हती. "चेहरा माझा. तो भिंतीत बसवताना सिमेंट निवृत्तीमामांनी लावलं. ते आमच्या घराचे गवंडी आहेत."

श्रीयशनं शेजारच्या परीक्षकांशी कुजबुज केली आणि माईक घेतला. वेशाचं सगळं काम स्पर्धकानं स्वतः करायचं, असा नियम होता. त्यामुळे तेजल स्पर्धेतून बाद.

"एक मिनिट!" तिसऱ्या रांगेतून प्रदीपराव उठले. ते का उठले, हे त्यांनाही पुढे कधी सांगता आलं नाही. खरं तर त्यांना हवं तेच घडलं होतं. "एक मिनिट साहेब! पोरीनं महिनाभर हाताला चटके लावून घेतलेत. आणि तुम्ही सिमेंटवरून बाद करता? हे जे सगळे निळे-पिवळे केस आहेत, ते या पोरांनी स्वतः विणलेत का? तुमचा हा चंदेरी टोप तुम्ही विणलाय?"

"काका, विग चालतो. गवंडी चालत नाही."

"का चालत नाही? गवंड्याच्या हाताला कला नसते?"

"असते ना काका, पण मग त्यानं स्वतः भाग घ्यायचा."

वाद असा रंगात आला असताना पहिल्या रांगेतल्या पाहुण्या उठल्या. हायाकावाबाई तळेगावच्या एका जपानी कंपनीत दुभाष्याचं काम करायच्या आणि मराठी इतकं स्वच्छ बोलायच्या की त्यांच्यासमोर प्रदीपरावांना आपलंच मराठी मळकं वाटलं.

"क्षमा करा. मला एक विचारायचं आहे. हा मुखवटा भिंतीत का बसवला होता?"

प्रदीपरावांनी गोरखभाऊंकडे पाहिलं, गोरखभाऊंनी अभिमानानं हायाकावाबाईंकडे. "तुमच्याकडे लावतात ना, बाई. घरावर. तसाच."

प्रदीपरावांनी डोळे मिटून घेतले. आता सगळं संपलं होतं.

"हो, लावतात की!" हायाकावाबाई म्हणाल्या. "तुम्हाला हे कसं माहीत? माझ्या आजोबांच्या घराच्या छपरावर असाच होता. भाजलेल्या कौलाचा. त्याला ओनिगावारा म्हणतात."

प्रदीपरावांनी एक डोळा उघडला. आयुष्यात इतकी बेधडक मारलेली थाप खरी निघण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. "तेच… तेच सांगत होतो मी यांना. कला म्हणून."

"कला आहेच," बाई हसल्या. "पण मुख्य म्हणजे घरावर काही वाईट येऊ नये म्हणून लावतात. राक्षसाला बघून संकट परत जातं, असं आमचे जुने लोक मानतात."

गोरखभाऊंनी मान अगदी सावकाश प्रदीपरावांकडे वळवली.

"आणि बौद्ध मंदिरांच्या छपरांवरही ते असतात," बाईंनी भर घातली.

गोरखभाऊंनी आधी मान डोलावली, मग हलवली, आणि मग नुसतीच एका जागी धरून ठेवली.

नंबर काही मिळाला नाही. पहिला नंबर कागदी पंखांना गेला. पण हायाकावाबाईंनी ते घर बघायचा हट्ट धरला आणि गोरखभाऊंची व्हॅन पुन्हा औंढ्याच्या रस्त्याला लागली. मागच्या सीटवर तेजल मांडीवर राक्षस घेऊन बसली होती. तिचं मन मोडलं होतं आणि ते तिच्या खांद्यांवरूनसुद्धा कळत होतं.

"हे बघ," प्रदीपराव पुढे बघत म्हणाले, "तू छान केलंस. पण नियम म्हणजे नियम. नंबर नाही, तर कोर्स नाही."

"आत्ता तर नियमावरून तिथं भांडत होतात," अनिता म्हणाली.

"तो त्यांचा नियम होता. हा माझा आहे."

अनितानं तोंड खिडकीकडे फिरवलं. प्रदीपरावांनाही आतून बरं वाटत नव्हतं. स्टेजवरची ती धप्प धप्प पावलं त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पण एकदा दिलेला शब्द बापानं मागे कसा घ्यायचा? त्याला काहीतरी निमित्त तरी लागतंच.

औंढ्याच्या वळणावर व्हॅनला जागा मिळेना. घरासमोर मुंबईच्या तीन-चार गाड्या लावलेल्या होत्या. फिरायला आलेली पोरं-पोरी घराकडे पाठ करून, फोन उंच धरून फोटो काढत होती.

"काय झालंय?" प्रदीपराव गर्दीतून वाट काढत पुढे झाले आणि त्यांनी वर पाहिलं.

राक्षसाच्या जागी प्रदीपराव होते.

डेपोतल्या नोकरीची पंचवीस वर्षं झाली तेव्हा काढून मिळालेला तो फोटो, जाड सोनेरी चौकटीचा. त्या दिवशी सकाळीच स्कूटर पंक्चर झाली होती, आणि फोटोग्राफरनं वर "साहेब, हसा की" असं तीनदा म्हटलं होतं. त्यामुळे फोटोतले प्रदीपराव मिशा फुलवून, डोळे वटारून, भुवया एकमेकींना भिडवून समोरच्याला जाळून टाकायला निघाले होते. हा फोटो अनितानं देहूरोडच्या घरात लावू दिला नाही, म्हणून तो भामाबाईंच्या खोलीत होता. आता तो दाराच्या वर बरोबर खबदाडीत बसला होता आणि चारी बाजूंनी सिमेंटची ताजी, सुबक कड काढलेली होती.

"आई!!"

"वरडू नगंस," भामाबाई शांतपणे म्हणाल्या. "भित उघडी ऱ्हायला नगं म्हनून लावलंय. घरात दुसरं रागीट तोंड कुटलं होतं?"

"पानी मारलंय दोनदा," निवृत्तीनं बाजूनं सांगितलं.

हायाकावाबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग प्रदीपरावांकडे, पुन्हा फोटोकडे. त्यांनी कमरेत वाकून अदबीनं नमस्कार केला. "हा अधिक परिणामकारक आहे."

"प्रदीपराव," गोरखभाऊंनी कानाशी येऊन विचारलं, "ही पण कलाच का?"

"काढा तो आधी!" प्रदीपराव गरजले. त्याबरोबर गर्दीतून "सेम टू सेम!" असा आवाज आला आणि दहा-पंधरा फोन त्यांच्याकडे वळले.

"काढते की," भामाबाई म्हणाल्या. "पर भित मोकळी ठिवायची न्हाई. त्यो जपानचा द्या, ह्यो देशी घ्या."

सगळ्यांनी तेजलकडे पाहिलं. तेजलनं राक्षस छातीशी धरला. तिच्या चेहऱ्यावर दुपारपासून पहिल्यांदाच काहीतरी उगवलं होतं.

"आजी, मी शपथ घेतली होती, म्हणून देणारच होते. पण आता प्रॉब्लेम झालाय. बँकेच्या क्लासला गेले तर पुन्हा असं काही करायला मला मिळणार नाही. मग हीच एक माझी आठवण. कसा देऊ?"

"व्हय गं माझी बाय," भामाबाईंनी लगेच नातीची बाजू घेतली. "मग ऱ्हाऊ दे. बापच बरा हाय वर."

प्रदीपरावांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. उद्या सोमवार होता. समितीचे पाहुणे येणार होते. अंधश्रद्धेवर व्याख्यान देणारा वक्ता स्वतःच आपल्या घरावर नजर लागू नये म्हणून टांगलेला! आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, त्यांना मनातून हायसं वाटलं. निमित्त हवं होतं, ते सोनेरी चौकटीत भिंतीवर बसलेलं होतं.

"बरं. घे ॲडमिशन."

"कशाला?" तेजलनं विचारलं.

"त्याच… तुझ्या ॲनिमेशनला."

"आजीला ऐकू आलं नाही."

"ॲनिमेशनला!" प्रदीपराव सगळ्या औंढ्याला ऐकू जाईल असे ओरडले. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. अनितानं तोंडाला पदर लावला. तेजलनं राक्षस निवृत्तीच्या हाती सोपवला आणि धावत येऊन बापाला मिठी मारली. तिच्या केसांना ऑइलपेंटचा वास येत होता आणि प्रदीपरावांना तो या वेळी मुळीच नकोसा वाटला नाही.

"चला, निवृत्ती," ते घसा साफ करत म्हणाले, "आता उतरवा मला."

निवृत्तीनं शिडी लावली, छिन्नी टेकवली, दोन ठोके मारले. मग थांबला. चौकटीवरून हात फिरवला, कडेवर नखानं टकटक केलं आणि शिडीवरूनच मान खाली केली.

"भाऊ, एक सांगू का? सकाळी त्यो निघताना लय तरास झाला, म्हनून या बारीला माल जरा जादाच लावला, त्योबी झटक्यात सुकनारा. आता फोडाय गेलो तर दाराचा माथा येईल खाली. स्लॅब पडूस्तवर ऱ्हाऊ द्या. ह्या राक्षसाला मी बाजूला बसवतो, जोडीला."

प्रदीपराव वर बघत राहिले. वरचे प्रदीपराव खाली बघत होते. गर्दीतली एक मुलगी फोन सावरत पुढे आली.

"काका, फोटोच्या बरोबर खाली उभे राहता का? आणि प्लीज, जरा फोटोत बघताय तसंच बघा ना."

त्यासाठी प्रदीपरावांना वेगळं काही करावं लागलं नाही.